अंगणावरील छप्पर : पत्र्यापेक्षा पाया महत्त्वाचा

हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील भोकरदन तालुक्यातील गाव. नोकरी-व्यवसायानिमित्त जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची वडिलोपार्जित घरे अशा गावांत आहेत. घरापुढच्या अंगणावर छप्पर टाकावे, म्हणजे उन्हाळ्यात सावली होईल, पावसाळ्यात धान्याची पोती व दुचाकी यांना आडोसा मिळेल आणि घरच्या कार्यात मांडवाचा खर्च वाचेल, हा विचार बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा होतोच. खर्च बेताचा असावा आणि छप्पर टिकावे, एवढीच अपेक्षा असते. मात्र सारी चर्चा ‘पत्रा कोणता घ्यायचा’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहते. प्रत्यक्षात छप्पर टिकणार की उडणार, हे पत्र्यापेक्षा तो कशाला आणि कसा जखडला आहे यावर ठरते.

या भागात हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला सलग गारपिटीने झोडपले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना आणि बीड जिल्ह्यांत पुन्हा मोठ्या गारा कोसळल्या आणि जालना जिल्ह्यात माणसांचेही बळी गेले. एप्रिल-मेमधील वळवाच्या वादळात पत्रे उडण्याच्या आणि पत्र्यावर ठेवलेले दगड अंगावर पडून माणसे जखमी होण्याच्या, प्रसंगी दगावण्याच्या घटना मराठवाड्यात दरवर्षी घडतात. त्यामुळे अंगणावरील छप्पर निवडताना काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

बर्फाचा भार आणि वाऱ्याची ओढ

घरापुढील मोकळ्या जागेवर उभारायची तयार छपरे इंटरनेटवर पाहायला मिळतात. त्यांतील अनेक नमुने अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील थंड प्रदेशांसाठी बनवलेले असतात. तेथे मुख्य शत्रू बर्फ. उदाहरणादाखल दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे १२० चौरस फुटांचे छप्पर घेऊ. त्यावर एक फूट जाडीचा ताजा, भुसभुशीत बर्फ साचला तर सुमारे साडेतीनशे किलोचा भार पडतो. तोच थर ओला होऊन दबलेला असेल तर वजन एक टनाच्या घरात जाते. म्हणून बर्फाच्या प्रदेशात छपराला तीव्र उतार देतात, खांब जवळजवळ घेतात आणि तुळया जाड वापरतात. भारतातही काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड अशा हिमवर्षावाच्या भागांसाठी भारतीय मानक ८७५ च्या चौथ्या भागात बर्फाच्या भाराचा स्वतंत्र विचार केला आहे.

हसनाबादला बर्फ पडत नाही. तेथे वारा आहे. याच मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा विचार असून त्यातील शहरांच्या यादीत औरंगाबादसाठी (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. एवढ्या वेगाच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला साधारण ९० किलोंहून अधिक होतो. चहूबाजूंनी मोकळ्या छपराखाली वारा शिरला की तो पत्र्याला खालून ढकलतो आणि वरून ओढतो. ढोबळ हिशेब केला तर १२० चौरस फुटांच्या त्याच छपरावर सुमारे एक टनाची ओढ बसते, पण ती वरच्या दिशेने. पत्रा आणि लोखंडी सांगाडा मिळून अशा छपराचे वजन जेमतेम दोनशे किलोच्या आसपास भरते.

येथेच दोन प्रदेशांतील फरक स्पष्ट होतो. बर्फाच्या देशात छप्पर कोसळू नये याची काळजी घ्यायची असते. आपल्याकडे ते उडू नये याची. परदेशी नमुना डोळ्यांपुढे ठेवून नुसते जाड खांब उभे केले आणि ते फरशीवर चार खिळ्यांनी ठोकले, तर पैसा खर्च होतो, पण संरक्षण मिळत नाही.

माळवदापासून पत्र्यापर्यंत

मराठवाड्याच्या जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर असलेले माळवद इतके जड असे की वादळात ते हलतही नसे. घरही थंड राहत असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने या बांधणीतील धोका उघड केला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली हजारो माणसे गाडली गेली. भूकंपाच्या दृष्टीने हलके छप्पर चांगले, हा त्यातून मिळालेला धडा. मात्र हलके छप्पर आपल्या वजनावर जागेवर राहत नाही. माळवदाचे वजन जे काम करीत होते, ते आता हुक, बोल्ट आणि पायाने करायचे असते.

कोणता पर्याय कशासाठी

सर्वांत स्वस्त पर्याय शेडनेटचा. केवळ उन्हापासून आडोसा हवा असेल तर पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावली देणारी जाळी पुरेशी ठरते. तिच्यातून वारा निघून जात असल्याने ओढही कमी बसते. मात्र ती पाऊस अडवत नाही आणि उन्हामुळे काही वर्षांत विरते. हिमाचलातील सफरचंदाच्या बागांवर गारांपासून बचावासाठी अशाच जातीच्या, पण त्या कामासाठी विणलेल्या जाळ्या लावतात आणि बर्फ पडण्यापूर्वी त्या गुंडाळून ठेवतात. अंगणातील जाळीही वादळाचे चिन्ह दिसताच सोडता येईल अशी बांधावी.

सिमेंटचा पत्रा स्वस्त आणि लोखंडी पत्र्याच्या मानाने कमी तापणारा, म्हणून गावोगाव पसरला. तो ठिसूळ असल्याने मोठ्या गारेने त्याला भोक पडते. त्याहून गंभीर बाब म्हणजे अशा पत्र्यांत बहुधा अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्व प्रकारचे अ‍ॅसबेस्टॉस कर्करोगास कारणीभूत ठरते. पत्रा कापताना, भोके पाडताना किंवा तो फुटल्यावर उडणारी धूळ घातक असते. नव्या कामासाठी हा पर्याय टाळलेला बरा. जुना पत्रा काढायचा असल्यास तो ओला करून, न फोडता उतरवावा.

फायबरचा पारदर्शक पत्रा उजेडासाठी वापरला जातो. काही वर्षांच्या उन्हाने तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि मग गारेपुढे टिकत नाही. पॉलिकार्बोनेट महाग, पण आघात सोसण्यात काचेपेक्षा कितीतरी पटींनी सरस. त्याच्या एका बाजूस अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असतो; ती बाजू आकाशाकडेच हवी. बसवताना बाजू उलटली तर महागडा पत्रा लवकर खराब होतो. शिवाय हा पत्रा उष्णतेने बराच पसरतो. तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटर लांबीच्या पत्र्यात सुमारे आठ मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे त्यातील भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावी लागतात. अन्यथा भोकापाशी तडे जातात.

बेताच्या खर्चात टिकाऊपणा हवा असेल तर पोलादी पत्राच योग्य ठरतो. जस्ताचा थर दिलेला साधा नालीदार पत्रा किंवा त्याहून थोडा महाग रंगीत पत्रा, हे दोन प्रकार सहज मिळतात. गारेने या पत्र्याला पोचे पडतात, आवाज मोठा होतो, पण पुरेशा जाडीचा पत्रा सहसा फाटत नाही. गार आकाराने दुप्पट झाली की तिचे वजन आठपट होते. एक इंच व्यासाची गार सात-आठ ग्रॅमची, तर दोन इंचांची साठ ग्रॅमची असते. दोन ते चार इंचांच्या गारा ताशी ७० ते ११५ किलोमीटर वेगाने खाली येऊ शकतात. यासाठी अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घेणे हिताचे. पातळ पत्र्यात वाचवलेले पैसे एका गारपिटीत जातात.

जाडी ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे वजन. रंगीत पत्रा बहुधा १२२० मिलिमीटर रुंदीच्या सपाट पट्टीपासून बनवतात. अर्धा मिलिमीटर पोलाद असलेल्या दहा फुटी पत्र्याचे वजन साडेचौदा किलोच्या आसपास भरले पाहिजे. ते दहा किलोच्या जवळपास भरले तर आतील पोलाद ०.३५ मिलिमीटरचेच आहे, असे समजावे. जाडी रंगासह सांगितली आहे की रंगाशिवाय, हेही दुकानदाराला विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

दगड नको, बोल्ट हवेत

पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड, जुने टायर किंवा विटा ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. वरील हिशेब पाहता ती किती अपुरी आहे हे ध्यानात येईल. एक टनाच्या ओढीपुढे वीस-पंचवीस किलोचे चार-सहा दगड काहीच करू शकत नाहीत. वाऱ्याने पत्रा उचलला की हेच दगड घरातल्या माणसांवर कोसळतात. जीव जातो तो पुष्कळदा पत्र्याने नव्हे, त्यावरील दगडाने. ज्यांच्या घरावर आजही असे दगड आहेत, त्यांनी नवे छप्पर टाकण्याआधी पत्रा हुकांनी जखडून ते दगड उतरवावेत. अवघ्या काही शे रुपयांत होणारे हे काम आहे.

पत्रा जे-हुकने किंवा रबरी वॉशर असलेल्या स्क्रूने आडव्या पाइपांना जखडावा. आडव्या पाइपांमधील अंतर तीन ते चार फुटांपेक्षा जास्त नसावे. कडेच्या आणि कोपऱ्यातील पत्र्यावर वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते, म्हणून तेथे प्रत्येक नालीला नाहीतर एकाआड एक नालीला स्क्रू घ्यावा. स्क्रू इतकाही आवळू नये की वॉशर चेपून पाणी झिरपेल. भिंतीबाहेर किंवा शेवटच्या पाइपाबाहेर पत्रा एक फुटापेक्षा अधिक सोडू नये. वारा तेथूनच हात घालतो.

पाया आणि काळी माती

खांब फरशीवर उभे न करता स्वतंत्र खड्ड्यांत काँक्रीट भरून रोवावेत. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्ड्यातील काँक्रीटचे वजन सुमारे ३८० किलो होते. असे चार खड्डे म्हणजे दीड टन. छपरावरील एक टनाच्या ओढीला पुरून उरणारे हे वजन आहे. खांबाच्या तळाशी लोखंडी प्लेट आणि काँक्रीटमध्ये गाडलेले बोल्ट यांची जोड हवी. नुसता पाइप गाडला तर जमिनीलगत गंजून तो काही वर्षांत कापल्यासारखा तुटतो.

या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया वर-खाली होतो आणि छप्पर वाकडे होते. म्हणून खड्डा काळ्या मातीच्या थरातून खाली मुरमापर्यंत न्यावा, मग तो अडीच फुटांऐवजी चार फूट खोल गेला तरी हरकत नाही. मोठ्या छपरासाठी अभियंत्याकडून हिशेब करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

उतार, उष्णता आणि पाणी

बर्फाच्या प्रदेशासारखा तीव्र उतार येथे नको. त्याने वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळतो. दहा फुटांना एक फूट उतार पावसासाठी पुरेसा आहे. छपराची उंची नऊ-दहा फूट ठेवली आणि रंग पांढरा किंवा फिकट निवडला तर खालची झळ बरीच कमी होते. उताराच्या टोकाला पन्हाळ लावली तर आणखी एक लाभ पदरात पडतो. या जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो. त्या मानाने १२० चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाकाठी सहा हजार लिटरहून अधिक पाणी मिळू शकते. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढलेल्या जिल्ह्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

छपरावरून किंवा त्याच्या अगदी जवळून विजेची तार जात असेल तर तेथे लोखंडी छप्पर उभारूच नये. विजेचा दिवा किंवा पंखा लावल्यास सांगाड्याला अर्थिंग द्यावे. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी : बाजूंनी उघडे छप्पर वीज पडण्यापासून संरक्षण देत नाही. गडगडाट सुरू होताच पक्क्या घरात जावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातील विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देते. त्याचा उपयोग करून घ्यावा.

काटकसर कोठे करावी

पैसे कमी पडत असतील तर छपराचा आकार कमी करावा, रंगीत पत्र्याऐवजी साधा जस्ताचा पत्रा घ्यावा, बाजूची सजावट टाळावी. पायाचे काँक्रीट, पत्र्याची जाडी आणि स्क्रूंची संख्या या तीन गोष्टींत मात्र कपात करू नये. एकूण खर्चात त्यांचा वाटा त्या मानाने लहान असतो, पण छपराचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते. दरवर्षी होळीच्या सुमारास, वळवाची वादळे सुरू होण्याआधी, एकदा शिडी लावून सैल स्क्रू आवळावेत, विरलेले वॉशर बदलावेत आणि गंजलेल्या जागी रंग द्यावा. एका सकाळीत आटोपणारे हे काम छपराचे आयुष्य वाढवते आणि त्याखाली बसणाऱ्यांचा जीवही सुरक्षित ठेवते.