अंगठा आणि अक्षर

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा मुलूख धुळे जिल्ह्यात, आणि त्याही आधी पश्चिम खानदेशात मोडत असे. या मुलखात लहान मुलाने आपले नाव लिहावे, ही गोष्ट आपणांस वाटते तितकी किरकोळ नाही.

आपल्या जुन्या गावठी शाळांत पंतोजी फळीवर धूळ पसरून अक्षर काढून देत आणि मूल ते बोटाने गिरवी. आरंभ ‘ओनामासीधं’ने होई, मग मुळाक्षरे, मग बाराखडी. स्वतःच्या नावाची पाळी फार उशिरा येई. सातपुड्यातील भिल्ल-पावऱ्यांच्या बहुतेक मुलांना तर तीही शाळा लाभली नाही. त्यांच्या वडीलधाऱ्यांची सही म्हणजे अंगठा. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता उठविलेल्या अंगठ्यांनी शहादे-तळोदे भागात कित्येकांच्या जमिनी गेल्या. त्यांसाठी अंबरसिंग सुरतवंती झगडले, १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४चा कायदा झाला.

कायद्याने जमीन मिळेल. अक्षर कसे मिळावे? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५पासून सरकारी अंगणवाड्या आल्या.

तेथे आपण मुलांकडे नीट पाहिले तर काय दिसते? मूल आधी नुसत्या रेघोट्या ओढते व ‘हे माझे नाव’ म्हणून सांगते. मग नावातले पहिले अक्षर त्याला ओळखू येते, आणि ते जेथे दिसेल तेथे ‘माझे अक्षर’ म्हणून ते बोट ठेवते. आवाज व आकार यांची सांगड मागाहून पडते. ‘किरण’ लिहिताना ते अडखळते, कारण वेलांटी कानाला मागून ऐकू येते, पण कागदावर आधी काढावी लागते. ही चूक नव्हे, विचार आहे. भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला तर घरी हाक मारतात ते नाव एक आणि हजेरीपटावरचे दुसरे, असेही घडते. अशा वेळी आईच्या तोंडचे नाव आधी लिहू द्यावे, हे बरे.

मात्र सही आली म्हणजे साक्षरता आली, असे आपण समजू नये. सहीच्या वरचा मजकूर वाचता येत नसेल, तर अंगठ्यात आणि त्या सहीत फरक तो काय?