'ओयदिपौस'मधील वृंद आणि मराठी झीलकरी

पु. ल. देशपांडे यांचे 'राजा ओयदिपौस' १९७९ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी वळणाचे 'ईडिपस' टाळून ग्रीक उच्चाराकडे जाण्याचा आग्रह शीर्षकातच दिसतो. नावाचे परकेपण असे सोडवता येते. सोफोक्लीझच्या पंधरा जणांच्या वृंदाचे काय करावे, हा प्रश्न मात्र अनुवादापेक्षा रंगभूमीचा अधिक आहे.

मराठी शोकांतिकेची जडणघडण मुख्यतः शेक्सपिअरच्या छायेत झाली. आगरकरांचे 'विकारविलसित' आणि देवलांचे 'झुंझारराव' यांनी प्रेक्षकाची नजर एकट्या नायकाच्या मनोव्यापारावर खिळवली. अशा नजरेला वृंद म्हणजे दोन प्रवेशांमधली गाणी वाटावीत, यात नवल नाही. वस्तुतः वृंदाला नटांपैकीच एक मानावे, असे ॲरिस्टॉटल सांगतो. त्याचे काव्यशास्त्र गो. वि. करंदीकरांनी १९५७ मध्येच मराठीत आणले होते. थीबीझची साथ या वृद्धांच्या नगराला लागलेली आहे. त्यांना वगळले की राजाचा शोध हा केवळ त्याच्या घरातला मामला उरतो.

औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ही संहिता ठेवली की एक सूचना हमखास येते: वृंदाच्या जागी गोंधळातले किंवा पोवाड्यातले झीलकरी आणावेत. सूचना आकर्षक आहे. मला ती फसवी वाटते. झीलकरी मुख्य गायकाचे पद उचलून धरतो. 'री ओढणे' हा आपला वाक्प्रचार उगाच निंदाव्यंजक झालेला नाही. सोफोक्लीझचा वृंद राजावर प्रेम करतो, पण त्याची री ओढत नाही. तेइरेसिआसच्या आरोपानंतर तो द्रष्ट्याला खोटे म्हणू शकत नाही, आणि पुराव्यावाचून राजाला दोषीही ठरवत नाही. ही घालमेल हेच त्याचे नाट्य.

'घाशीराम कोतवाल'ने (१९७२) समूहाला मराठी रंगमंचाच्या मध्यभागी आणले, हे खरे. परंतु तिथली माणसांची भिंत झाकण्याचे काम करते. सत्तेच्या पापाची ती भागीदार आहे. समूहाची ताकद त्या प्रयोगाने सिद्ध केली, संशयाने पोखरलेला समूह मात्र त्याला अभिप्रेतच नव्हता.

म्हणून या नाटकाच्या मराठी प्रयोगाची कसोटी दुसऱ्या वृंदगीतात लागते. देववाणीच खोटी ठरणार असेल आणि अधर्माला मान मिळणार असेल, तर आपण नाचायचे तरी कशासाठी, असे वृंद तिथे विचारतो. डिओनिससच्या उत्सवात नाचणाऱ्यांनी नाचण्याच्याच प्रयोजनावर शंका घ्यावी, अशी ही जागा आहे. झीलकरी योजायचेच असतील, तर इथे त्यांच्या हातचे टाळ थांबवावे लागतील.