रोजची प्रार्थना आणि बायबल वाचन: ही सवय कशी लागते, कुठे मोडते?

एक जानेवारीला बायबल पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते मिटून ठेवायचं, हा प्रकार अनेक ख्रिस्ती घरांच्या ओळखीचा आहे. वाचन थांबण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं गोष्टींनी भरलेली आहेत: नोहाचं तारू, अब्राहामाचा प्रवास, योसेफाचे भाऊ, मोशे आणि फारो. निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापासून मात्र निवासमंडपाची मापं सुरू होतात. त्यानंतर लागतं लेवीय. कोणतं अर्पण कसं वाहायचं, शुद्ध काय, अशुद्ध काय, याचे नियमांमागून नियम. रोज तीन अध्यायांच्या वेगाने निघालेला माणूस इथे महिन्याभरात पोहोचतो आणि दमतो. मग "आपल्यात भक्तीच कमी" असं स्वतःला सांगून टाकतो.

यात भक्तीचा दोष फारसा नसतो. वाचायला कुठून घ्यायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

एका बांधणीत अख्खं ग्रंथालय

बायबल हे एकाने लिहिलेलं एक पुस्तक नाही. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक परंपरेत ७३. इतिहास, कायदे, कविता, म्हणी, संदेष्ट्यांची भाषणं, पत्रं असं सगळं त्यात आहे. ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय होतात. वर्षात सगळे वाचायचे तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. हे अशक्य नाही, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला जड जातं.

नव्या कराराचे अध्याय आहेत २६०. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक अध्याय वाचला तर बरोबर ५२ आठवडे लागतात. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे राहतात. याहून सोपं हवं असेल तर मार्ककृत शुभवर्तमान आहे. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं आणि वेगवान. सोळा दिवसांत येशूचं सार्वजनिक जीवन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून होतं. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, त्यामुळे आजची तारीख तोच आजचा अध्याय. स्तोत्रं १५० आहेत, रोज पाच घेतली की महिन्यात संपतात. फक्त ११९व्या स्तोत्राच्या दिवशी जरा जास्त वेळ हाताशी ठेवावा, त्या एकट्यात १७६ वचनं आहेत.

आखून दिलेल्या क्रमाने वाचण्याची पद्धत जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा तक्ता तयार केला. त्यात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. जगभर तो आजही वापरला जातो. कॅथलिक चर्चमध्ये हे काम मिस्साचे पाठ करतात. रविवारच्या पाठांचं चक्र तीन वर्षांचं, इतर दिवसांचं दोन वर्षांचं. वसईतली आजी आणि परदेशात नोकरी करणारी तिची नात एकाच दिवशी एकच उतारा वाचू शकतात. शिवाय आज काय वाचायचं हा प्रश्नच उरत नाही. सवयीच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे, कारण निम्मी वाचनं पान शोधतानाच राहून जातात.

मराठीत ही सवय कशी रुजली

रोज धार्मिक ग्रंथ वाचणं महाराष्ट्राला नवं नव्हतं. वारकऱ्याच्या घरी हरिपाठ होता, पोथ्यांची पारायणं होती. प्रश्न नव्या ख्रिस्ती कुटुंबांचा होता: जुनं पठण सुटलं, त्या जागी तोंडात काय बसवायचं?

गोव्यातले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी याचं उत्तर १६१६ साली दिलं. मूळचे इंग्लंडचे असलेल्या या माणसाने बायबलची कथा मराठी ओव्यांमध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांची रचली. 'क्रिस्तपुराण' हे तिचं नाव. पुराण ऐकायची सवय असलेल्या कानांना पुराणाच्याच चालीत नवी कथा मिळाली. आजही अनेक मराठी ख्रिस्ती बायबलच्या वचनाला सहज 'ओवी' म्हणतात.

पुढे १८११ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार निघाला. पण छापलेलं पुस्तक घरात असणं आणि ते कळणं यात अंतर होतं. पंडिता रमाबाईंनी हे अंतर जवळून पाहिलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या आणि घरातून टाकलेल्या बायका राहत होत्या. संस्कृतप्रचुर भाषांतर त्यांच्या डोक्यावरून जाणारं होतं. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. काम अनेक वर्षं चाललं. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. याच मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करणाऱ्यांचा गट सुरू केला होता. काही महिन्यांतच तो शेकड्यांवर गेला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा तर थेट रोजच्या वाचनाचीच आहे. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचत राहण्याचा आग्रह केला. टिळकांना पुस्तक पहिल्या नजरेत काही फारसं आवडलं नाही, पण दिलेल्या शब्दाखातर ते पेन्सिलने खुणा करत वाचू लागले. मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले आणि तिथून त्यांना पुढे हलवेना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्यांनी अभंग आणि भजनांच्या चालीत जी भक्तिगीतं लिहिली, ती मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाचा मोठा भाग आहेत. कित्येक घरांत संध्याकाळची प्रार्थना आजही यातल्याच एखाद्या गीताने सुरू होते. वाचता न येणाऱ्या आजोबांनाही ती पाठ असतात.

या साखळीतलं अलीकडचं नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष दिब्रिटोच होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

वेळेपेक्षा खुंटी महत्त्वाची

"पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना" हा सल्ला प्रवचनात शोभतो. येशूही अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचं मार्कच्या पहिल्या अध्यायात आहेच. पण ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात नाही त्याचं काय?

धाराशिव जिल्ह्यातलंच तेरखेडा घ्या. वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळी जवळ आली की अशा धंद्यात कामाची घाई होते आणि घराचं वेळापत्रक बदलतं. जिथे ठिणगीची भीती, तिथे मोबाइल आणि मेणबत्ती दोन्ही बाहेर ठेवणंच शहाणपणाचं. अशा कामावर जाणाऱ्याला घड्याळातली वेळ ठरवून देण्यात अर्थ नाही. त्याला खुंटी लागते: रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट, जिला ही सवय अडकवता येईल. सकाळचा चहा, कामावरून आल्यावर हातपाय धुणं, रात्रीचं जेवण. चहा सहाला झाला काय नि आठला झाला काय, चहानंतर एक उतारा आणि दोन मिनिटं प्रार्थना एवढं ठरलेलं.

फोन बाहेर राहतो तिथे जुनी पाठांतराची रीत कामी येते. सकाळी वाचलेल्यातलं एकच वचन पाठ करायचं आणि हात कामात असताना ते मनात घोळवायचं. पहिल्या स्तोत्रात धन्य म्हटलेला माणूस नेमकं हेच करतो, नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन.

सवय २१ दिवसांत लागते, हे वाक्य समाजमाध्यमांवर सतत फिरतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी कृती आपसूक होऊ लागायला मध्यमान ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की अधेमधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. बायबलच्या अ‍ॅपवर सलग दिवसांचा आकडा दिसतो. तो शून्यावर आला की अनेक जण वाचनच सोडतात. तो आकडा अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ठेवलेला आहे, शास्त्रात तसा काही नियम नाही. चुकलेले अध्याय एका रात्रीत उरकण्यापेक्षा आजचा अध्याय वाचून पुढे जाणं बरं.

प्रार्थनेत शब्द संपले की

वाचन निदान पानावर तरी असतं. प्रार्थनेत दोन मिनिटांनी शब्द संपतात आणि मन बाजारात जाऊन येतं. ही अडचण इतकी जुनी आहे की १५३५ साली मार्टिन लूथर यांनी आपल्या न्हाव्यासाठी, पीटरसाठी, त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावरून हटलं तर काय होईल, तसंच प्रार्थनेचं, असा दाखला त्यांनी त्याला त्याच्याच धंद्यातला दिला. उपायही साधा सांगितला: येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्यायची, एकेका मागणीपाशी थांबायचं आणि ती आपल्या शब्दांत पुन्हा बोलायची. भाकरीच्या मागणीपाशी आपली मजुरी, शेत, उधारी. क्षमेच्या मागणीपाशी ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव. दहा आज्ञांसाठी त्यांनी चार पदरांची माळ सुचवली. या आज्ञेतून मी काय शिकतो, कशाबद्दल आभार मानतो, काय कबूल करतो, काय मागतो? हेच चार पदर कोणत्याही उताऱ्याला लावता येतात. मग वाचन आणि प्रार्थना अशी दोन वेगळी कामं उरत नाहीत.

दुःखात प्रार्थना सुचत नाही, तेव्हा स्तोत्रसंहिता उघडतात. तिच्यातला मोठा हिस्सा तक्रारीचा आणि विलापाचा आहे. ८८वं स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, त्यात शेवटी कुठलाही दिलासा नाही. देवासमोर गोड बोललंच पाहिजे असं मानून गप्प बसणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं वचन

सूर्योदयाच्या चित्रावर लिहिलेलं एक वचन सकाळी गटावर येतं, त्याखाली पंधरा जण 'आमेन' लिहितात आणि दिवस सुरू होतो. यात वाईट काही नाही, पण याला अभ्यास म्हणता येत नाही. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन या चित्रांवर नेहमी दिसतं. देवाचे आपल्याविषयीचे बेत हिताचे आहेत, असा त्याचा आशय. तो अध्याय म्हणजे बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. एकच वचन मागे गेलं की सत्तर वर्षांचा उल्लेख सापडतो. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. त्यांना सांगितलं होतं की तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परीक्षेच्या निकालाआधी पाठवलेल्या चित्रापेक्षा हे बरंच कठीण आणि बरंच टिकाऊ आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन क्रिकेटच्या सामन्याआधीही पाठवलं जातं. पौल ते कैदेतून लिहितो आहे आणि बोलतो आहे भुकेत व सुकाळात सारखंच समाधानी राहण्याबद्दल.

म्हणून चित्र आलं की त्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं उघडून पाहायची. कोण बोलतोय, कुणाशी, कोणत्या प्रसंगी, एवढे तीन प्रश्न विचारायचे. पाच मिनिटांचं काम, पण बायबल अभ्यासाची सुरुवात इथेच होते.

घरात सगळे मिळून

चर्च लांब असेल, गावात ख्रिस्ती घरं मोजकी असतील, पाळक अधूनमधूनच येत असतील, तर आठवड्याचे सहा दिवस घर हीच मंडळी असते. कौटुंबिक उपासनेची मराठी घरांतली रीत सुटसुटीत आहे. एक गीत, एक उतारा, घरातल्या प्रत्येकासाठी नाव घेऊन प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. वाचणारा रोज बदलला की मुलं टिकतात. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला दोन वचनं वाचायला दिली तर मोठ्यांना थोडा धीर धरावा लागतो. आजीला दिसत नसेल तर मराठी बायबल ध्वनिरूपातही मिळतं. छापील पुस्तकं घरोघरी पोहोचण्याआधी बहुतेकांनी शास्त्र कानांनीच ऐकलं होतं.

सगळ्या घराने मिळून सुरुवात करायला डिसेंबर चांगला. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस आहेत. एक तारखेला पहिला अध्याय घेतला की नाताळच्या आदल्या रात्री शेवटचा येतो. येशूच्या जन्माची हकिकत दुसऱ्याच अध्यायात असल्याने ती २ तारखेला वाचून होते. २५ तारखेच्या सकाळी ती पुन्हा वाचायची, आणि ते वाचन घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याकडे द्यायचं.