जुळ्या आउटबोर्ड इंजिनांच्या नौकेतील बॅटरी जोडणी

जुळ्या आउटबोर्ड इंजिनांच्या नौकेतील बॅटरी जोडणी म्हणजे नौकेच्या मागील बाजूस बाहेरून बसवलेली दोन इंजिने, त्यांच्या बॅटऱ्या आणि नौकेवरील इतर विद्युत उपकरणे यांना तारा, स्विच व फ्यूज यांच्या साहाय्याने जोडणारी एकदिश प्रवाहाची व्यवस्था होय. ती बहुधा १२ व्होल्टची असते. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर किनारा गाठता यावा, हा दोन इंजिने बसवण्यामागील एक प्रमुख हेतू असतो. मात्र दोन्ही इंजिने एकाच बॅटरीवर अवलंबून असतील, तर त्या बॅटरीच्या बिघाडामुळे दोन्ही सुरू होईनाशी होतात. त्यामुळे प्रत्येक इंजिनाचा विद्युतपुरवठा स्वतंत्र राखणे आणि गरजेच्या वेळी तो एकत्र आणता येणे, ही या जोडणीची दोन मूलभूत उद्दिष्टे आहेत.

घटक आणि कार्य

इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर काही सेकंदांसाठी फार मोठा विद्युतप्रवाह घेते. त्यासाठी पातळ व अनेक पट्ट्यांची प्रारंभ बॅटरी वापरतात. दिवे, रेडिओ, मासेशोधक यंत्र अशा उपकरणांना मात्र थोडा प्रवाह दीर्घकाळ लागतो. त्यांच्यासाठी जाड पट्ट्यांची, वारंवार खोलवर उतरली तरी टिकणारी डीप-सायकल बॅटरी योग्य ठरते.

इंजिन चालू असताना गतिचक्रातील चुंबक स्टेटरच्या वेटोळ्यांभोवती फिरून प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतात. रेक्टिफायर-रेग्युलेटर त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून बॅटरीचे प्रभारण करतो. पूर्ण प्रभारित शिसे-आम्ल बॅटरीचा स्थिर अवस्थेतील दाब सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो, तर प्रभारण चालू असताना तो १४ व्होल्टच्या वर जातो.

प्रचलित मांडणी

तीन बॅटऱ्यांच्या मांडणीत प्रत्येक इंजिनाला एक प्रारंभ बॅटरी आणि उपकरणांसाठी तिसरी बॅटरी असते. लहान नौकांवर दोनच बॅटऱ्या असतात आणि उपकरणे त्यांपैकी एकीवर चालतात. स्विचांचे पुढील प्रकार आढळतात:

* चार स्थितींचा निवड स्विच: यात १, २, दोन्ही आणि बंद अशा स्थिती असतात. तो ‘दोन्ही’ या स्थितीत विसरला गेल्यास नांगर टाकून थांबलेल्या नौकेवरील उपकरणे सर्व बॅटऱ्या उतरवू शकतात. इंजिन चालू असताना स्विच ‘बंद’ केल्यास रेक्टिफायर निकामी होण्याचा धोका असतो.
* स्वतंत्र चालू-बंद स्विच व आपत्कालीन जोडस्विच: प्रत्येक बॅटरीला साधा स्विच असतो आणि एरवी बंद राहणारा तिसरा स्विच गरजेपुरत्या दोन बॅटऱ्या समांतर जोडतो. ही मांडणी समजण्यास सोपी असते.
* दाबसंवेदी रिले: प्रभारणामुळे दाब सुमारे १३.३ ते १३.७ व्होल्टपर्यंत चढला की तो दोन बॅटऱ्या आपोआप जोडतो. दाब सुमारे १२.८ व्होल्टच्या खाली गेला की त्या विलग करतो. नेमके आकडे उत्पादकानुसार बदलतात.

समाईक ऋण जोडणी

धन बाजू स्वतंत्र ठेवली तरी सर्व बॅटऱ्यांची ऋण अग्रे एकमेकांना जोडावी लागतात. ही तार स्टार्टरच्या तारेइतकीच जाड असावी लागते. सुकाणूचा जोडदांडा, नियंत्रण केबली आणि मापकांच्या तारा यांमुळे दोन्ही इंजिने आधीच विद्युतदृष्ट्या जोडलेली असतात. एका इंजिनाची ऋण तार सैल झाली आणि समाईक जोडणी नसली, तर स्टार्टरचा प्रवाह या बारीक मार्गांनी परततो आणि तारा जळू शकतात. समाईक ऋण जोडणीवाचून आपत्कालीन जोडस्विचचे परिपथही पूर्ण होत नाही.

तारा आणि फ्यूज

खाऱ्या हवेत साधे तांबे लवकर काळवंडते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या बहुपेडी तांब्याच्या तारा वापरतात. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या मानकांनुसार महत्त्वाच्या परिपथांत दाबातील घट ३ टक्क्यांपर्यंत, तर इतर परिपथांत १० टक्क्यांपर्यंत चालते. घट काढताना तारेची जाण्या-येण्याची एकूण लांबी धरतात. उदाहरणार्थ, बॅटरीपासून ६ मीटरवरील पंप ५ अँपिअर प्रवाह घेत असल्यास २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.४२ व्होल्ट, म्हणजे ३.५ टक्के घट होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती सुमारे २.२ टक्क्यांवर येते.

फ्यूज तारेच्या संरक्षणासाठी असतो, त्यामुळे तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवतात. वरील मानकांत स्टार्टरच्या मुख्य तारेला फ्यूजमधून सूट आहे. नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मुख्य स्विच वगळून, फ्यूजमार्गे थेट बॅटरीला जोडतात. त्यामुळे धक्क्याला बांधलेली, सर्व स्विच बंद असलेली नौकाही पाणी शिरल्यास बुडण्यापासून वाचू शकते.

सुरक्षितता

प्रभारणाच्या वेळी शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास मिश्रण ज्वलनशील होते, म्हणून बॅटरीच्या कप्प्यात वायुवीजन आवश्यक असते. पेट्रोलची वाफ साचू शकेल अशा जागी ठिणगी बाहेर न पडू देणारेच स्विच बसवतात. बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडतात आणि बसवताना ती शेवटी जोडतात. धन-ऋण तारांची अदलाबदल झाल्यास रेक्टिफायर तत्काळ जळू शकतो. लाटांच्या हादऱ्यांनी पंखनट सैल होत असल्याने जाड तारांसाठी षट्कोनी नट वापरतात.

बॅटरीचा मुख्य स्विच हा इंजिन थांबवण्याचा स्विच नव्हे. मॅग्नेटो प्रज्वलनाचे इंजिन बॅटरी तोडल्यावरही चालू राहते. चालक पाण्यात पडल्यास इंजिने थांबावीत यासाठी दोरीचा आपत्कालीन स्विच वेगळा असतो. जुळ्या इंजिनांच्या नौकेत तो दोन्ही इंजिने एकाच वेळी बंद करेल अशा रीतीने जोडलेला असणे आवश्यक असते.