जस्ताचा बर्फ

माँट्रियलचा हिवाळा म्हणजे काही विचारू नका. सेंट लॉरेन्स नदी गोठते, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग लागतात. आणि अशा गावात १८६० च्या दशकात एक फोटोग्राफर आपल्या स्टुडिओत जमिनीवर मीठ पसरून 'बर्फ' तयार करत होता! दारात विहीर आणि घरात पाणी विकतचं, असंच वाटेल कुणालाही.

विल्यम नॉटमन त्याचं नाव. मूळचा स्कॉटलंडमधल्या पेझलीचा. १८५६ मध्ये कॅनडात आला आणि माँट्रियलमध्ये त्याने स्टुडिओ थाटला. गावात तेव्हा ब्रिटिश फौज असे. तिथल्या साहेब लोकांना आपण कसे थंडीत शिकार करतो, स्केटिंग करतो, ते घरच्यांना दाखवायचं असे. (आपली परदेशातली मंडळी पहिल्या हिवाळ्यात बर्फातला फोटो पाठवतात, तसंच की!)

पण बाहेर जाऊन फोटो काढणार कसा? तेव्हा काचेवर ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो काढून लगेच धुवावा लागे. शिवाय समोरच्याने काही सेकंद तरी हलायचं नाही. कडाक्याच्या थंडीत हे सगळं जमणं कठीण. मग नॉटमनने हिवाळाच घरात आणला. जमिनीवरचा बर्फ म्हणून मीठ आणि मेंढीची लोकर. पडणारा बर्फ हवा असेल तर काचेवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. आणि स्केटिंगसाठी गोठलेलं तळं? त्यासाठी चकचकीत घासलेला जस्ताचा पत्रा! त्यात स्केट्सची पुसट सावलीही पडे.

खऱ्या बर्फाचं दुखणंच हे आहे, की तो फोटोत खरा दिसेलच असं नाही. फ्रीजमधला बर्फाचा खडा बघा. तो सगळ्या बाजूंनी एकदम गोठतो, पाण्यात विरघळलेली हवा मधोमध कोंडली जाते आणि पोटात पांढुरकं दिसतं. गोळेवाल्याच्या लादीतही हा पांढरा गाभा बऱ्याचदा असतो. तळं मात्र वरून खाली, सावकाश गोठतं. हवा आणि कचरा खाली ढकलला जातो आणि वर काचेसारखा बर्फ तयार होतो. तोही मिळवला तरी दिव्यांच्या उष्णतेत किती वेळ टिकणार?

म्हणून ही लबाडी पुढेही चालूच राहिली. 'डॉक्टर झिवागो' (१९६५) मधला तो प्रसिद्ध बर्फाचा महाल स्पेनमध्ये उभारला होता, आणि त्यातला 'बर्फ' मेणाचा होता. सरबताच्या जाहिरातीत ग्लासात चमकणारे खडे तर पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात, आणि ग्लासावरचे दवाचे थेंब ग्लिसरीनचे.

मग नॉटमनचे फोटो खोटे म्हणायचे का? मला तसं वाटत नाही. १ मार्च १८७० ला माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर राजपुत्र आर्थरच्या सन्मानार्थ स्केटिंगचा मोठा समारंभ झाला. नॉटमनने लोकांना त्यांच्या पोशाखांत एकेकटं स्टुडिओत बोलावून फोटो काढले, आकृत्या कापल्या आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवल्या. सुमारे ३०० माणसं! त्या क्षणी ती अशी कधीच उभी नव्हती. पण प्रत्येक चेहरा खरा आहे, ओळखू येतो.

शिवाय त्याने एक शहाणपण केलं. स्टुडिओत मोठ्या वह्या ठेवल्या. प्रत्येक फोटोची एक प्रत त्यात चिकटवायची, खाली क्रमांक आणि नाव. हा सगळा ठेवा आज माँट्रियलच्या मॅककॉर्ड स्ट्युअर्ट संग्रहालयात आहे. त्यामुळेच दीडशे वर्षांनीही मिठावर उभा असलेला माणूस कोण होता, ते सांगता येतं.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओतही पडद्यावर रंगवलेले महाल आणि बागा असत. त्यासमोर ताठ बसलेले आजी-आजोबा बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी असतील. महाल खोटा आहे, हे सांगायला कुणी लागत नाही. पण डावीकडून तिसरी ती बाई कोण, हे सांगणारं माणूस मात्र दरवर्षी एकेक कमी होतं.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत ती ट्रंक उघडा, आणि फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. बर्फ जस्ताचा असला तरी चालतो हो, पण माणूस बिननावाचा राहू नये.