वचनाची वहिवाट

शेतातून जाणारी पायवाट कोणत्याही नकाशावर नसली तरी ती गावची असते. कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिच्यावरून चालत आलेली असतात. तिलाच आपण वहिवाट म्हणतो. दोन-तीन पावसाळे तिच्यावर कोणाचे पाऊल पडले नाही, तर गवत माजते आणि वाट नेमकी कोठे होती हेही आठवेनासे होते. पवित्र शास्त्र आणि श्रद्धावंत यांच्यामधील वाटेचेही असेच आहे. ग्रंथ छापून घरात आला म्हणजे ती तयार होते असे नाही. नित्याच्या येण्याजाण्याने ती पडते आणि टिकते. ख्रिस्तसभेचा, विशेषतः आपल्या मराठी कॅथलिक समाजाचा इतिहास या दृष्टीने पाहू लागलो, म्हणजे काही गोष्टी आम्हांस मननीय वाटतात.

प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नगरातील लोकांची एक नोंद आहे. पौलाचा उपदेश त्यांनी उत्सुकतेने ऐकला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ऐकले ते तसेच आहे काय, हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्र शोधीत राहिले. यात त्यांनी प्रेषिताचा अनादर केला असे लूकला वाटले नाही. उलट त्याने त्यांच्या मनाच्या थोरवीची प्रशंसाच केली आहे. श्रद्धा आणि अभ्यास यांचे हे नाते ख्रिस्तसभेच्या पहिल्या पिढीतच जुळले होते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मार्सेला नावाच्या विधवेच्या घरी काही स्त्रिया शास्त्राभ्यासासाठी जमत असत. संत जेरोम ३८२ साली रोमला आले, तेव्हा या स्त्रियांनी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यांच्यापैकी पावला आणि तिची कन्या युस्टोकियम या दोघी हिब्रू भाषा शिकल्या आणि पुढे बेथलेहेम येथे जेरोम यांच्या कार्याचा आधार बनल्या. ज्या लॅटिन भाषांतरावर पश्चिमेकडील ख्रिस्तसभा शतकानुशतके पोसली गेली, त्याच्यामागे प्रापंचिक स्त्रियांची ही जिज्ञासा उभी होती. शास्त्राविषयीचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताविषयीचेच अज्ञान, हा जेरोम यांचा प्रसिद्ध विचार अशा सहवासात परिपक्व झाला, हे विसरता येत नाही.

पुढे मात्र या वाटेवर गवत माजले. लॅटिन ही लोकांची बोली राहिली नाही आणि हस्तलिखिते सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. सोळाव्या शतकातील धर्मकलहानंतर ख्रिस्तसभेने अधिकच सावध पवित्रा घेतला. १५६४ च्या नियमांनुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी प्रापंचिकांना वरिष्ठांची लेखी अनुमती घ्यावी लागे. चुकीच्या अर्थापासून श्रद्धेचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे; पण कुंपण पिकाच्या रक्षणासाठी घातले, तरी त्यामुळे धन्याच्या लेकरांचाही रस्ता अडू शकतो, हेही इतिहासाने दाखविले.

नेमक्या याच काळात आपल्या भाषेत एक विलक्षण गोष्ट घडली. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत धर्मकार्य करीत होते. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. नवख्रिस्ती मंडळींना धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रींना विनवितो, की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत. आता त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचावयास दुसरे काही द्याल की नाही? या प्रश्नामागची तहान आम्हांस फार मोलाची वाटते. माणसाने नवा धर्म स्वीकारला, पण नित्य वाचण्याची, ऐकण्याची त्याची सवय तशीच राहिली. ही सवय रिकामी राहिली, तर श्रद्धाही रिकामी राहील, हे त्या प्रश्नकर्त्याने जाणले होते आणि स्टीफन्स यांनी ते ऐकून घेतले.

त्याचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. रायतूर येथे १६१६ साली तो रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. बायबलचे ते शब्दशः भाषांतर नव्हे. परंतु ज्या काळी भाषांतर हाती देणे कठीण होते, त्या काळी शास्त्राचा गाभा ओवीच्या रूपाने लोकांच्या ओठांवर आला. जो वाचू शकत होता तो वाचत असे आणि ज्याला अक्षरओळख नव्हती तो ऐकत असे.

१६८४ साली पोर्तुगीज राजसत्तेने गोव्यात देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला आणि वाचत राहिले. अशा हस्तलिखितांच्या आधारेच मंगळूर येथे १९०७ साली तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. छापील प्रती गेल्या, पण वहिवाट राहिली आणि तिनेच ग्रंथ वाचविला.

मराठी बायबलाच्या बाबतीत आपल्या प्रोटेस्टंट बंधूंचे ऋण मान्य केलेच पाहिजे. सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ते कार्य नुकतेच हातावेगळे झाले होते. बायबल-वाचन ही ‘त्यांची’ रीत आणि जपमाळ ही ‘आपली’, अशी एक वाटणी मात्र कॅथलिक घरांत दीर्घकाळ रूढ होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही वाटणी मोडली. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित झालेल्या ‘देई व्हर्बुम’ या संविधानाने सर्व श्रद्धावंतांसाठी शास्त्राचे द्वार उघडे असावे असे सांगितले आणि वाचनाला प्रार्थनेची जोड हवी, असेही बजावले. पुढे १९६९ च्या नव्या वाचनक्रमामुळे रविवारच्या मिस्सात तीन वाचने आली आणि तीन वर्षांच्या चक्रात शास्त्राचा कितीतरी मोठा भाग वेदीवरून ऐकू येऊ लागला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सामान्यकाळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करून मराठी वाचकाची मोठी अडचण दूर केली. २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २०२४ च्या जुलै महिन्यात ते प्रभूघरी गेले. ग्रंथ मागे राहिला आहे.

तेव्हा आज आपल्यापुढे अनुमतीचा, प्रतींचा किंवा भाषांतराचा प्रश्न नाही. प्रश्न वेगळाच आहे. कित्येक घरांत बायबल वेदीजवळ आदराने ठेवलेले असते, त्यावर फुले वाहिली जातात, पण त्याची पाने एकमेकांना चिकटलेली असतात. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात; त्यांना आजीचे बायबल अडखळत वाचता येते आणि इंग्रजी बायबल आजीला कळत नाही. एका घरात दोन ग्रंथ आणि वाचक एकही नाही, अशी अवस्था होऊ पाहत आहे. साष्टीतील त्या ब्राह्मणाजवळ ग्रंथ नव्हता, पण तहान होती. आपल्याजवळ ग्रंथ आहे.

यावर उपाय मोठ्या विद्वत्तेचा नाही. जेरोम यांनी लेटा नावाच्या मातेला तिच्या लहान मुलीसाठी जो वाचनक्रम सुचविला, त्यात स्तोत्रे प्रथम, मग नीतिसूत्रे, पुढे शुभवर्तमाने, अशी पायरीपायरीने चढण आहे. आपणही शनिवारी सायंकाळी जपमाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या मिस्साची वाचने घरात मोठ्याने वाचू शकतो. मुलाने वाचावे, अडले तर आजीने शब्द सांगावा, आणि अर्थ अडला तर रविवारी धर्मगुरूंना विचारावा. दहा मिनिटांत हे होते. मात्र ते दर आठवड्याला झाले पाहिजे. वहिवाट एका दिवसाच्या मिरवणुकीने पडत नाही.