महजर आणि मोहल्ला

बिदरच्या जुन्या शहरात चौबाऱ्याचा सुमारे ७१ फूट उंचीचा गोल बुरूज जेथे उभा आहे, तेथे दोन मुख्य रस्ते परस्परांस छेदतात, आणि त्यांच्या आश्रयाने सिद्दी तालीम, नूरखान तालीम, मनियार तालीम अशा नावांच्या वस्त्या नांदत आल्या आहेत. अहमदशहा वली बहमनीने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून येथे हलविली, १६१९ मध्ये बरीदशाही आदिलशाहीत विलीन झाली, १६५७ मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतला, पुढे निजामाचा अंमल आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातील उदगीर-निलंगा मुंबई राज्याकडे व भालकी-औराद म्हैसूर राज्याकडे गेले. तख्ते पालटली, दप्तरे पालटली. परंतु वस्तीची फेररचना करताना तेथे राहणाऱ्यास विचारावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक राजवटीपुढे उभा राहिलाच.

दख्खनच्या सल्तनतींच्या अमदानीत या प्रश्नाला एक उत्तर मिळाले होते. नवी पेठ वसवावयाची, अथवा उजाड पडलेली पुन्हा लावावयाची, तर सरकारातून कौल मिळे. किती वर्षे कर माफ आणि त्यानंतर इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दराने, तो कसा चढेल, हे त्यात नमूद असे. आणि शेटे-महाजन वाणी-उदमी व कारागीर बोलावून त्यांस घरदुकानाची जागा नेमून देत. रयतेने कौल मानला तरच पेठ भरे. अटी जाचक वाटल्यास रयत बिऱ्हाड उचलून दुसऱ्या परगण्यात जाई, हे अंमलदार जाणून असत.

जागेचा, शिवेचा किंवा हक्काचा कज्जा निघाला म्हणजे मजलस, अर्थात न्यायसभा, बसे. सरकारी अंमलदार, देशमुख, देशपांडे यांच्यासह पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन व बलुतेदार यांना पाचारण होई, उभय पक्षांच्या कैफियती लिहून घेतल्या जात, आणि निवाड्याचा लेख, म्हणजे महजर, सिद्ध होई. ज्यास अक्षरओळख नसे, तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा अशा आकृत्या त्या कागदावर उमटत. निशाणी करणारा पुढेही त्याच गावात राहणार असल्यामुळे आपल्या साक्षीचा भार त्यास जन्मभर वाहावा लागे, आणि महजराचे बळ त्यातच होते.

तथापि या व्यवस्थेची मर्यादा झाकून ठेवणे योग्य नव्हे. वतनदार आणि मिरासदार यांचा शब्द चाले. बाहेरून आलेल्या उपऱ्यास मजलसीत स्थान नसे, स्त्रियांचा आवाज क्वचितच कागदावर येई, आणि जातीची उतरंड आसनव्यवस्थेपर्यंत पाळली जाई.

आज कर्नाटकाचा १९६१ चा नगररचना कायदा आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यास सांगतो. ही तरतूद तत्त्वतः महजराहून उदार आहे, कारण ती वतन विचारीत नाही. परंतु राजपत्रातील जाहिरात गल्लीतल्या माणसापर्यंत आपोआप पोहोचत नाही, आणि त्या माणसापाशी असलेले ज्ञान नकाशापर्यंत पोहोचत नाही. उदाहरणार्थ, बिदरमधील नौबादेजवळची भूमिगत करेझ, जिला लोक सुरंग बावी म्हणतात, डोळ्यांआड खडकातून पाणी वाहून नेण्यासाठी खोदलेली आहे. तिचे काही झरोके माती-राडारोड्याने बुजून गेले होते; असे झरोके कोठे होते, हे तेथे राहणाऱ्यासच विचारावे लागते. तसेच बिदरी भांड्यांचा कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार ठोकून बसवितो आणि अखेरीस किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर व पाणी मिसळून त्या मिश्रणाने भांड्यास काळा रंग आणतो. राहते घर आणि कारखाना यांची ताटातूट झाल्यास या धंद्याचे काय होईल, हे त्याच्याइतके कोणता अभियंता सांगू शकेल? २०१४ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने बिदरच्या ऐतिहासिक शहराचा समावेश लक्ष देण्याजोग्या वारसास्थळांच्या यादीत केला, तो अशा जिवंत शहरासाठी.

म्हणून आराखड्याचा मसुदा कचेरीच्या फलकावर न थांबता मोहल्ल्यात यावा, कन्नड, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषांत वाचून दाखवावा. मालकाबरोबर भाडेकरूची, दुकानदाराबरोबर हातगाडीवाल्याची आणि घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीची कैफियत नावानिशी नोंदवावी. आणि प्रत्येक हरकत मान्य का झाली वा अमान्य का झाली, याचे लेखी उत्तर त्याच वस्तीत द्यावे. जुन्या महजरातील उत्तरदायित्व राखून त्यातील उच्चनीचता टाकून देणे आपणांस साध्य आहे, आणि ज्यांची घरे हलणार आहेत त्यांस न विचारता केलेली सुधारणा या मुलखाच्या जुन्या न्यायबुद्धीसही मान्य झाली नसती.